काका, राईड घ्या की एकदाची!

भाड्याचं घर दाखवताना मालक आधी नळ सोडून दाखवतात, मग टाकी, मग गाडी लावायची जागा. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या काकांनी आम्हाला आधी ड्रम दाखवला. जिन्याखाली पार्किंगमध्ये, जिथे एक चारचाकी सहज मावली असती, तिथे तो निळ्या ताडपत्रीखाली झाकलेला होता. काकांनी ताडपत्री काढली, तिची नीट घडी घातली आणि म्हणाले, "संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की मी वाजवतो. चालणार असेल तर वरच्या खोल्या बघू. नसेल तर चहा घ्या आणि निघा."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. त्या महिन्यात आम्ही इतकी घरं पालथी घातली होती की कुठल्या घराचं स्वयंपाकघर कुठलं तेही आठवेना. एकीकडे नॉनव्हेज चालणार नव्हतं, दुसरीकडे पाहुणे चालणार नव्हते. एका मालकीणबाईंनी तर मिक्सर सकाळी किती वेळ फिरवता असं विचारलं होतं. आणि हा माणूस स्वतःच आवाज करणार म्हणून बजावत होता. मी म्हटलं, "काका, आमचा मिक्सरही फार ओरडतो हो." काका एकदम खूश झाले. "मग जमलंच की आपलं!"

असं आमचं जमलं. पुढे स्वतःचा फ्लॅट घेईपर्यंत आम्ही त्यांच्याच डोक्यावर राहिलो, आणि ते आमच्या.

काका उंच आणि किडकिडीत. पॅन्ट जवळजवळ छातीपर्यंत वर ओढलेली आणि शर्टाच्या खिशात जिथे लोक पेन ठेवतात तिथे ड्रमची काठी. ती काठी घेऊन ते भाजीला जायचे, बँकेत जायचे, लग्नाला जायचे. कलिंगडवाल्याकडे प्रत्येक कलिंगडावर काठीने टकटक करून ऐकायचे आणि शेवटी काकूंनी सांगितलेली गवार घेऊन परत यायचे. मूळचे सटाण्याकडचे. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवला, मग पोटापाण्यासाठी कंपनीत लागले, तिथून रिटायर झाले. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा मालकाने पगाराऐवजी ड्रम दिला. "बाकीच्यांना काहीच मिळालं नाही," असं ते अभिमानाने सांगायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "त्यांच्या बायका सुटल्या बिचाऱ्या."

भांडी बाजारात त्यांना एकट्याला सोडायची सोय नव्हती. एकदा काकूंना कुकर घ्यायचा होता म्हणून मी त्यांच्यासोबत गेले. काका हात मागे बांधून शहाण्यासारखे उभे होते, म्हणून आम्ही दोघी कुकर बघायला लागलो. तेवढ्यात मागून टण्ण! मग टंग! मग एक बारीक टिंऽऽग. काकांनी पितळी पराती ओळीने वाजवायला घेतल्या होत्या. दुकानदार धावत आला. काका त्याला म्हणाले, "थांबा, ही अजून बोलतेय." आणि परातीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत त्या बिचाऱ्याला खरोखरच गप्प उभं केलं.

पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही तेच. पोह्यांची ताटली हातात आली, काकांनी तिच्यावर नखाने टिचकी मारली आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "ही ताटली कुठे घेतली?" मुलीचे वडील गोंधळले. पुढचा सगळा वेळ बोलणी ताटलीचीच झाली. लग्न ठरलं ते ठरलं, पण मुलीच्या वडिलांनी आहेरात काकांना ती ताटली दिली. काकांच्या दिवाणखान्यात ती खिळ्याला टांगलेली होती. जाता-येता वाजवून जायचे.

तर अशा माणसाच्या ड्रमवर झांज एकच होती. काका तिला सिंबल म्हणायचे, काकू झांजच म्हणायच्या. ती झांज म्हणजे क्रॅश. ड्रमच्या झांजांमध्ये एक क्रॅश असते आणि एक राईड, हे मला त्या घरात राहायला गेल्यावर कळलं. काकांनी ते मला माझ्याच स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं. "तू फोडणी घालतेस तेव्हा चर्रर होतं ना? ती क्रॅश. एकदा धडाम करून मोकळी. आणि वरण मंद उकळत राहतं, ती राईड. टिंग टिंग टिंग करत गाण्याच्या सोबत चालत राहते. कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ती थांबली की गाणं बसतं."

काकू डाळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर नुसती फोडणी ऐकतेय. वरण काही अजून ताटात पडलं नाही."

खरंच होतं ते. ऑर्केस्ट्राच्या मालकाला फक्त धडाम हवं होतं, कारण पैसे देणाऱ्यांना धडाम हवं होतं. हळदीत, वरातीत, गणपतीत कोण बसून टिंग टिंग ऐकणार? त्यामुळे काकांच्या वाट्याला राईड कधी आलीच नाही. रिटायर झाल्यावर आता घेऊ, असं ठरवून ते रविवार कारंजाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात जायला लागले. गेले की राईड काढायला लावायचे, एकदा हलकेच वाजवायचे, डोळे मिटून आवाज विरेपर्यंत बसायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वेळी." दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूलच करून ठेवलं होतं. काका दारात दिसले की तो काही न विचारता आधी स्टूल मांडायचा आणि मग राईड आणायचा.

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, आवडते तर घ्या ना. अडलंय कुठे?"

"स्टँड एकच आहे."

"मग दुसरा घ्या स्टँड."

"छे! एका माणसाने एकच थाळी सांभाळावी. दोन झाल्या की हात लबाडी करायला लागतो. राईड घेतली तर क्रॅश उतरवावी लागेल. आणि हिला आता या वयात उतरवू?" असं म्हणून त्यांनी त्या काळपटलेल्या क्रॅशवरून असा काही हात फिरवला की काकू तिथून उठूनच गेल्या.

आमच्या घरात मग ती म्हणच पडली. नवरा हॉटेलात मेनूकार्ड घेऊन बसला आणि मिसळ की वडापाव करायला लागला की मी म्हणायची, "काका, राईड घ्या की एकदाची!" मी साडीच्या दुकानात अडले की तो म्हणायचा.

संध्याकाळचं वाजवणं मात्र कधी चुकलं नाही. दिवा लागला, उदबत्ती लागली की ताडपत्री निघायची. सुरुवातीला हळू, मग जरा जोर आणि शेवटी एक क्रॅश, अशी की स्लॅबमधून आमच्या पायांना जाणवावी. ती वाजली की काकू कुकर चढवायच्या. मी दिवसभर अंबडच्या कंपनीतल्या कॉम्प्युटरसमोर बसून आलेली असायची आणि नवरा सिन्नरहून कंपनीच्या बसने हादरत आलेला. तो धडाम ऐकला की आम्हाला घरी आल्यासारखं वाटायचं.

मला दिवस गेले तेव्हा काकूंनी ड्रम बंद करायचा हुकूम काढला. सिन्नरहून सासूबाईंचाही फोन आला, म्हणाल्या, "पोटुशा बाईला असलं धडाडधूम बरं नाही गं, बाळ घाबरंल." मीच म्हटलं, राहू द्या. ऑफिसातून येऊन भिंतीला पाय लावून आडवी पडायची आणि खालून काका वाजवायचे. मला झोप यायची. खरं सांगते, त्या दिवसांत मला दुसऱ्या कशानेच झोप येत नव्हती.

मुलगा झाला. घरी आणला. बारशापर्यंत काकांनी ड्रमला हात लावला नाही आणि तोवर रोज संध्याकाळी मुलाने आकाशपाताळ एक केलं. सगळ्या बायका म्हणाल्या, बाळं तिन्हीसांजेला रडतातच, दृष्ट काढ. बारसं झालं, मी काकांना म्हटलं वाजवा आता, ते वाजवायला लागले आणि मुलगा गाढ झोपायला लागला. आम्ही म्हटलं, चला, दृष्ट उतरली. येईल तो बघायचा आणि म्हणायचा, "किती गुणाचं बाळ! खाली एवढा ड्रम वाजतोय आणि याची पापणी हलत नाही." मी फुशारून जायची.

फुशारकी काकांनी उतरवली. मुलगा मान धरायला लागला होता. एका संध्याकाळी काकू त्याला मांडीवर घेऊन पार्किंगच्या ओट्यावर बसल्या होत्या. काकांनी शेवटची क्रॅश मारली. जन्मभर ती ऐकणाऱ्या काकूंनीसुद्धा डोळे मिचकावले. मुलगा तसाच, छताकडे बघत. काकांनी परत मारली. तसाच. मग काठी खाली ठेवली आणि घरात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते वर आले तेव्हा त्यांच्या खिशात काठी नव्हती. दारातच उभं राहून म्हणाले, "पोरी, रागावू नकोस. याला ऐकू येतं ना?"

मी रागावले. अशी रागावले की काय सांगू! म्हटलं, "काका, वयाने मोठे आहात, जरा शुभ बोला. जे ते आपलं ड्रमवर मोजायचं!" आणि दार लावून घेतलं. दार लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट-चमचा घेतला. पाळण्यामागे उभी राहून वाजवला. मुलाने मान वळवली. हायसं वाटलं. परत वाजवला, तर वळवली नाही. वाटी पाडली, टाळ्या वाजवल्या, त्याच्या नावाने हाका मारल्या. कधी बघायचा, कधी आपल्याच मुठीकडे बघत राहायचा. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ऑफिसची रजा होती, घरात मी आणि तो, आणि मी दिवसभर त्याच्या मागून काहीतरी वाजवत फिरायची. रडायची आणि वाजवायची. तो माझा आवाज ऐकत नसेल, मी गाते ते त्याच्यापर्यंत पोचतच नसेल, या विचाराने मला घास गिळवेना.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, शंका आली आहे तर तपासून घेऊ. कानांच्या दवाखान्यातल्या पहिल्या तपासणीत मशीनला काही नीट सांगता येईना. कानात ओल असेल, सर्दी असेल, किंवा खरंच काही असेल. दुसरी मोठी तपासणी करायला हवी म्हणाले, आणि तिच्यासाठी बाळ गाढ झोपलेलं हवं. झोपेचं औषध देता येईना कारण त्याची छाती सर्दीने भरलेली. आपल्या आपण झोपला तरच. तिथल्या मॅडम फार चांगल्या होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "घाबरू नका, पण उशीरही करू नका. काही असलं तर जितकं लवकर कळेल तितकं त्याचं बोलणं लवकर येईल."

आणि इथे घोटाळा असा झाला की मुलगा झोपेचना. जो मुलगा धडाधड ड्रममध्ये झोपायचा तो आता संध्याकाळ झाली की डोळे टक्क उघडे ठेवून किंचाळायचा. कारण खाली ड्रम बंद झाला होता. पण हे कारण आहे हे आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही! आम्हाला वाटलं सर्दी, दात, दवाखान्याची भीती. ड्रम का बंद झाला ते मला काकूंनी सांगितलं. म्हणाल्या, "ते म्हणतात, पोटात होतं तेव्हापासून मी त्या लेकराच्या कानाशी धडाम धडाम केलं. माझ्यामुळेच गेले त्याचे कान. जेवत नाहीत गं नीट." ताडपत्रीला आता सुतळी बांधली होती, गाठींवर गाठी मारून.

मी त्यांना जाऊन काही म्हटलं नाही. खरं म्हणजे मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं. त्यांचा दोष आणि माझाही, कारण राहू द्या असं मीच म्हटलं होतं.

पहिल्यांदा तपासणीला नेला तेव्हा मुलगा रडून रडून काळानिळा झाला, पण झोपला नाही. दुसऱ्या वेळी काका म्हणाले, "रिक्षाने नको, आपल्या व्हॅनने जाऊ." त्यांची जुनी व्हॅन, चालवायला माझा नवरा, पुढे काकू, मागे मी मुलाला घेऊन आणि शेजारी काका. काकांच्या पायाशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं होतं. तेव्हा मी विचारलं नाही. दवाखान्यात पुन्हा तोच तमाशा. मुलगा मांडीवर डोळे फाडून बसलेला. मॅडम म्हणाल्या, "मी आज संध्याकाळपर्यंत आहे. उद्यापासून माझी मोठी सुट्टी आहे, इथे दुसरं कुणी नाही. बाहेर फिरवून आणा. झोपला की तसाच उचलून आणा, मी लगेच घेते."

आम्ही व्हॅनमधून नाशिकभर फिरायला लागलो. गंगापूर रोड झाला, कॉलेज रोड झाला. खड्ड्यांनी मी पेंगायला लागले, मुलगा नाही. शेवटी काका म्हणाले, "रविवार कारंजाला घे. मला एक काम आहे, दोन मिनिटांचं." आणि चादर उलगडून दाखवली. आत क्रॅश होती. "देऊन टाकतो. ड्रमही उद्या उचलून न्यायला सांगतो."

काकूंनी नुसतं खिडकीबाहेर बघितलं.

व्हॅनमध्ये मुलगा इतका रडत होता की मीही त्याला घेऊन दुकानात उतरले, मागोमाग काकू आणि नवरा. दुकानदाराने काकांना पाहिलं आणि रोजच्यासारखं स्टूल मांडलं, राईड आणली, स्टँडवर चढवली. काका म्हणाले, "आज घ्यायला नाही आलो रे, द्यायला आलोय." दुकानदाराला कळलंच नाही. त्याने बघितलं की काकांच्या खिशात आज काठी नाही, म्हणून स्वतःची एक काठी त्यांच्या हातात दिली. आणि काकांचा हात! काठी हातात आली आणि समोर राईड असली तर तो हात दुसरं काय करणार? एकदा हलकेच टेकवली.

टिंऽऽग.

मुलगा रडायचा थांबला. तोंड तसंच उघडं, आणि मान वळली.

मला वाटलं, योगायोग. मी बघितलं तर काका माझ्याकडे बघत होते, काकू काकांकडे. काकांनी एक शब्द न बोलता स्टँड उचलला, माझ्या पाठीमागून दुसऱ्या बाजूला नेला, मुलाला दिसणार नाही असा, आणि परत वाजवली. मुलाने माझ्या खांद्यावरून मान फिरवली, पार उलटी, मोठे डोळे करून, कुठून आलं ते शोधत. तिसऱ्यांदा हळू वाजवली, अगदी मलाही जेमतेम ऐकू येईल अशी. तरी वळला.

"पोऱ्याले ऐकू येस!" काका ओरडले. एरवी आमच्याशी ते शहरी बोलायचे, पण त्या वेळी त्यांची सटाण्याची अहिराणी उसळून आली. "मना पोऱ्याले ऐकू येस व!"

मी तिथेच गिटारांच्या मध्ये खाली बसले.

नवरा शहाणा. तो म्हणाला, "पण मग काका, क्रॅश का ऐकू येत नाही याला?" काकांनी चादर काढली, क्रॅश हातात धरली आणि जरा बेतानेच मारली. मुलगा क्षणभर थांबला. मग त्याच्या पापण्या जड झाल्या. परत मारली, तर त्याने भलीमोठी जांभई दिली आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, शहाणे तुम्ही सगळे! पोटात असल्यापासून ऐकत आलाय तो हे. तुम्हाला पंखा ऐकू येतो का? आणि पंखा बंद पडला की उठून बसता की नाही? हा त्याचा पंखा आहे! तुम्ही बंद केलात, म्हणून हा झोपेना!"

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अख्ख्या जगात एकच आवाज असा होता ज्याने या मुलाला काही फरक पडत नव्हता, आणि आम्ही नेमका तोच घेऊन त्याचे कान तपासत बसलो होतो.

"बघत काय बसलात," काकू म्हणाल्या, "झोपतोय तो! दवाखाना!"

मग जी पळापळ झाली! राईड तशीच स्टँडवर, दुकानदार "काका, काठी माझी!" म्हणतोय, काका काठीसकट व्हॅनमध्ये. नवऱ्याने व्हॅन काढली. काकांनी क्रॅशच्या भोकात अंगठा घालून ती उचलून धरली. मी म्हटलं, "काका, हळू, जवळ आहे हो तो." काकूंनी मुलाच्या पायातला एक मोजा काढला आणि काठीच्या टोकाला चढवला. मग त्या मोज्याने काका वाजवायला लागले. थाप्प... थाप्प... मध्ये थांबले की मुलगा चुळबुळ करायचा, म्हणून थांबायची सोय नाही. मुंबई नाक्याच्या सिग्नलला शेजारी रिक्षा येऊन उभी राहिली. रिक्षावाल्याने वाकून आत बघितलं, "काय काका, वरात कुठंय?"

"पोरगं झोपतंय!" काका दबक्या आवाजात खेकसले.

रिक्षावाला म्हणाला, "झोपू द्या, झोपू द्या," आणि आपलं इंजिन बंद करून टाकलं. भला माणूस.

राईडचं काय झालं ते इथेच सांगते, नाहीतर राहून जाईल. दुसऱ्या दिवशी काका काठी परत द्यायला गेले आणि राईड घेऊन आले. न बसता, न वाजवता. दुकानदार म्हणे त्यांच्या पाया पडला. स्टँड मात्र एकच राहिला, तत्त्व म्हणजे तत्त्व. संध्याकाळी राईड चढायची आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या ताटात एकदाचं वरण पडलं. शेवटी, मुलाच्या झोपेच्या वेळेला, राईड उतरायची आणि क्रॅश चढायची, एकदा वाजायची. डॉक्टरांनी नंतर आम्हाला बोल लावले, लहान मुलाजवळ असलं वाजवू नका म्हणून, तेव्हा ड्रम पार मागच्या अंगणात, भिंतीच्या पलीकडे गेला. मुलाला तिथून येणारा आवाजही पुरत होता. आता तो शाळेत जातो, आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याकडे आहे आणि काका फोन करून त्याला राईड ऐकवतात. तो शहाणा फोन स्पीकरवर टाकून खेळायला निघून जातो. काका मला विचारतात, "ऐकतोय ना?" मी म्हणते, "हो हो, ऐकतोय."

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होते. दवाखान्याच्या पायऱ्या आम्ही चोरांसारख्या चढलो. मॅडमनी बघितलं, बोट ओठावर ठेवलं आणि दार उघडून धरलं. आत एकालाच जाता येत होतं. मुलाच्या कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या, छोटी नळी कानात घातली. मी त्याला छातीशी धरून बसले होते आणि माझंच हृदय इतकं वाजत होतं की त्यानेच तो उठेल अशी मला भीती. दुकानात त्याने मान वळवली होती हे खरं, पण आता मला तेही खोटं वाटायला लागलं. एकाच कानाने ऐकत असेल तर? तेवढा एकच आवाज कळत असेल तर? पडद्यावर रेघा उमटत होत्या. मॅडम एका कानाचं करून दुसऱ्याकडे वळल्या, चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं नाही. उत्तर वाईट असेल तर ते जरा उशिरा आलेलं बरं, असं वाटत होतं.

झालं. वायरी काढल्या. मुलगा अजून गाढ. मॅडम म्हणाल्या, "बाहेर चला, सगळ्यांना एकदमच सांगते."

बाहेर बाकावर तिघं बसली होती. काकांच्या मांडीवर क्रॅश, हातात मोजा घातलेली काठी. आम्हाला बघून ते उभे राहिले.

मॅडम हळूच म्हणाल्या, "दोन्ही कान अगदी व्यवस्थित आहेत. काही काळजी करू नका."

नवऱ्याने भिंतीला डोकं टेकवलं. काकूंनी देवाचं नाव घेतलं. मी मुलाच्या डोक्यावर तोंड टेकवून रडायला लागले, आवाज न करता, तो उठू नये म्हणून. काका तसेच उभे होते, दगडासारखे. मग म्हणाले, "काय म्हणालात? परत सांगा."

त्यांना परत एकदा ऐकायचं होतं, एवढंच. पण दिवसभर बहिऱ्या माणसांशी बोलणाऱ्या त्या मॅडम! त्यांना वाटलं, आजोबांना कमी ऐकू येतं. त्या सवयीने पुढे झाल्या, काकांच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्खा दवाखाना दणाणेल अशा आवाजात ओरडल्या, "आजोबा, बाळाचे दोन्ही कान चांगले आहेत!"

मुलगा ताडकन दचकला. दोन्ही हात हवेत उडाले, चेहरा लाल झाला आणि त्याने असा काही टाहो फोडला की समोरच्या खोलीतली माणसं बाहेर आली.

"अरे देवा, सॉरी, सॉरी! उठवलं मी त्याला," मॅडम पुरत्या ओशाळल्या.

आम्ही हसतोय की रडतोय आमचं आम्हाला कळेना. काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं. मॅडमसमोर हात जोडून ते म्हणाले, "बाई, अजून एकदा ओरडा ना."